ऑक्टोबर लागला की वाडगे का तडकतात? ओलं लाकूड कातण्याआधी आणि कातल्यावर सांभाळायचं कसं

तक्रार अशी असते. मे महिन्यात वळवाच्या पावसानं झाड पडतं, किंवा कुणाच्या परसातला फणस घरावर झुकलाय म्हणून उतरवतात. आपल्याला फोन येतो, आपण टेम्पो करून ओंडके आणतो. निम्मे ओंडके शेडमध्ये रचून ठेवतो, निम्म्यांचे लेथवर जाड अंगाचे कच्चे वाडगे कातून फळीवर मांडतो, वाळले की परत कातायला. पावसाळाभर सगळं व्यवस्थित दिसतं. मग पाऊस उघडतो, ऑक्टोबरचं ऊन चटकायला लागतं आणि पंधरा दिवसांत वाडगे एकामागून एक तडकतात. ओंडके तर त्याआधीच टोकांकडून उकललेले असतात.

माझ्याकडे हे सलग चार वर्षं झालं. चौथ्या वर्षीचा एक वाडगा अजून ठेवलाय. फणसाचा, नऊ इंची, पिवळाधमक. रात्री जेवून शेडला कुलूप लावायला गेलो तेव्हा अंधारात 'टक्' असा आवाज आला, सुपारी फुटावी तसा. सकाळी वाडगा हातात घेतला तर बुडाच्या मधून काठाकडे एक चीर गेलेली. नख जेमतेम जाईल एवढीच, पण उजेडासमोर धरला तर पलीकडची खिडकी दिसली. त्या वाडग्यावर माझे दोन दिवस गेले होते, आणि ज्यांचा फणस होता त्या काकूंना मी तो देणार म्हणून सांगून बसलो होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करतात तिथे, मी अकरा वर्षं काम केलं, त्यामुळे आकसणं म्हणजे काय हे मला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. तिथे बिडाच्या ओतकामासाठी पॅटर्न करताना मीटरला साधारण १० मिलिमीटर जास्त धरायचे, कारण बीड थंड होताना तेवढं आटतं. पण बीड सगळ्या बाजूंनी सारखं आटतं. लाकूड तसं आटत नाही, आणि सगळी भानगड तिथेच आहे. पॅटर्नला आम्ही वखारीतून आणायचो ते वाळून मुरलेलं सागवान. झाडावरून कालच उतरलेल्या लाकडाशी माझी गाठ कधी पडलीच नव्हती.

तडा का जातो

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. पेशींच्या पोकळीत मोकळं, आणि पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी जातं तेव्हा वजन उतरतं, आकार बदलत नाही. ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास आला की भिंतीतलं पाणी सुटायला लागतं आणि तिथून पुढे लाकूड आकसतं. म्हणून पहिले काही दिवस काहीच होत नाही आणि आपण निर्धास्त होतो.

आकसताना लाकूड लांबीत जवळजवळ कमी होत नाही. केंद्राकडून, म्हणजे खोडाच्या अगदी मधून, सालीकडे थोडं आकसतं, आणि वर्षवलयांच्या कडेकडेनं, म्हणजे घेरात, त्याच्या साधारण दुप्पट आकसतं. आता अख्खा गोल ओंडका डोळ्यांसमोर आणा. घेर कमी व्हायला बघतोय, पण आतला व्यास त्या मानानं कमी होत नाही. आखूड पट्ट्यानं जाड पोट आवळावं तशी गत होते. पट्टा कुठेतरी तुटणारच, आणि तो सालीकडून केंद्राकडे तुटतो.

त्यात ओंडक्याच्या कापलेल्या तोंडातून पाणी बाजूंच्या मानानं दहा-पंधरा पट वेगानं बाहेर पडतं. झाडाच्या नळ्या तिथेच उघड्या पडलेल्या असतात. तोंडाकडचं इंचभर लाकूड वाळून आकसायला बघतं, आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही. उन्हात ठेवलेल्या आंब्याच्या ओंडक्याला संध्याकाळपर्यंत केसासारख्या चिरा पडलेल्या मी बघितल्यात.

तड्याची जागा बघून चूक ओळखा

चीर केंद्रातून चांदणीसारखी पसरली असेल तर ओंडका अख्खा ठेवला होता, किंवा वाडग्यात केंद्र राहून गेलं. याला दुसरा इलाज नाही, केंद्र काढूनच टाकावं लागतं. फांदीचं लाकूड कातणारे इथे हमखास फसतात, कारण फांदीत केंद्र एका बाजूला सरकलेलं असतं आणि वरून नजर टाकून ते कळत नाही.

ओंडक्याच्या तोंडावर बारीक बारीक पुष्कळ चिरा असतील तर तोंडं बंद करायला उशीर झालाय. दोन-तीन इंच कापून बघा. आत बहुतेक वेळा लाकूड धड निघतं.

वाडग्याच्या काठाला, लाकडाचे उभे तंतू कापले जाऊन त्यांची टोकं उघडी पडतात त्या समोरासमोरच्या दोन जागांवर चीर असेल तर वाडगा फार लवकर वाळला. वारा लागला, पंखा लागला, ऊन लागलं, यातलं काहीतरी.

बुडातून चीर असेल, तर बूड अंगापेक्षा जाड राहिलंय. माझ्या फणसाच्या वाडग्याचं हेच झालं होतं. अंग इंचभर आणि बूड पावणेदोन इंच, कारण लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, धरायला टेनन, म्हणजे बुडाखालचा गोल खुंट, राखताना मी आतून खोल गेलोच नव्हतो. अंग वाळून आकसलं, बूड ओलंच राहिलं, आणि जिथे दोघांची ओढाताण झाली तिथे लाकूड सुटलं.

पहिला दिवस

माझं आता ठाम मत आहे की लाकूड वाचतं किंवा जातं ते आणल्या दिवशीच. गोल ओंडका साठवू नका. आणला त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, तो केंद्रातून उभा चिरा. दोन अर्धुकं झाली की घेराला आकसायला वाट मिळते. सपाट बाजू थोडी फुगीर होईल, पण फाटणार नाही. चिरल्यावर दोन्ही अर्धुकांवरून केंद्राच्या बाजूचं अर्धा ते एक इंच लाकूड उतरवून टाका. जीवावर येतं, मलाही यायचं. पण तेवढं वाचवायला जाऊन मी अख्खे ठोकळे घालवलेत.

चेनसॉ चालवता येत नसेल तर ज्यांनी झाड उतरवलं त्यांनाच तिथल्या तिथे चिरून मागा. कोल्हापूरच्या टिंबर मार्केटच्या बाजूला सॉ मिलवर नेऊनही चिरून मिळतं, पण ओंडक्यात खिळा नाही याची खात्री करून जा. रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे, तारांचे खिळे हमखास असतात.

लांबी जितकी जास्त ठेवता येईल तितकी ठेवा. फूटभर लांबीचे तुकडे करून आणलेत तर दोन्ही टोकांची दोन-तीन इंच गेल्यावर हातात काय राहतं?

मग तोंडं बंद करायची. मी पॅराफिनचं मेण वापरतो. मोठ्या भांड्यात पाणी, त्यात छोटं भांडं ठेवून मेण वितळवायचं, थेट शेगडीवर कधीच नाही, ते पेट घेतं. तोंड फडक्यानं टिपून घ्यायचं आणि मेण चांगलं गरम असतानाच रुंद ब्रशनं लावायचं. कोमट मेण लाकडात शिरत नाही, दुसऱ्या दिवशी पापडासारखं निघून येतं. तोंडाला लावून कडेवरही इंचभर उतरवा, आणि गाठ असेल तर तिच्यावरही लावा, कारण गाठीतले तंतूही तोंडासारखेच उघडे असतात. मेण नसेल तर घरातल्या उरलेल्या ऑइल पेंटचे दोन जाड हात चालतात. फेविकॉलही लावतात, कोरड्या दिवसांत ठीक आहे, पण पावसाळ्यात ओल धरून तो पांढरा होतो, मऊ पडतो.

साल काढायची की ठेवायची? आंब्याची मी काढतो, कारण सालीखाली किडे अंडी घालतात. बाकीच्यांची ठेवतो, त्यामुळे कडांकडून वाळणं मंदावतं. आंब्याची ओली साल काढताना हातमोजे घाला. बिब्ब्याच्या आणि काजूच्याच कुळातलं हे झाड आहे. चिकानं काहींच्या मनगटावर फोड येतात, माझ्या भाच्याला आठवडाभर त्रास झाला होता.

आणि एक. महापालिका हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. लाकूड फुकट मिळतंय म्हणून गप्प न बसता तो कागद बघायला मागा.

कुठे ठेवायचं

जमिनीवर नाही. विटांवर किंवा अँगलच्या घोडीवर, निदान वीतभर उंच, भिंतीपासून सुटं. खाली माती असेल तर वाळवी पंधरा दिवसांत वर चढते.

पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याजवळचा माळा म्हणजे भट्टी. तिथे ओलं लाकूड ठेवू नका. उत्तरेच्या भिंतीलगत, सावलीत ठेवा आणि अर्धुकांवर गोणपाट टाकून ते रोज संध्याकाळी भिजवा. पाऊस सुरू झाला की गोणपाट काढून टाका, नाहीतर त्याच्याखाली बुरशी वाढते. प्लास्टिक गुंडाळणं हा दोन-चार दिवसांचा उपाय आहे, शनिवारी लाकूड आणलं आणि बुधवारी कातायचंय एवढ्यापुरता. आंबा प्लास्टिकमध्ये आठवडाभर राहिला की आतून निळाकाळा पडतो, आणि तो डाग रंध्यानं जात नाही, पार खोलवर गेलेला असतो.

एवढी काळजी घेऊनही अर्धुकं वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू नाही. आपल्या हवेत इंचभर जाडीला वाळायला वर्ष धरतात, आणि सहा इंची ठोकळा धड वाळेपर्यंत बहुतेक वेळा हातचा गेलेला असतो. शक्य तेवढ्या लवकर कच्चे वाडगे कातून टाका.

कच्चा वाडगा आणि ऑगस्टची फसवणूक

अंगाची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवा. दहा इंची वाडग्याला एक इंच. वाळताना तो लंबगोल होणार, वाळल्यावर पक्कं कातून परत गोल करायला तेवढं मास लागतं. बूडही तेवढंच जाड, जास्त नाही. आत कोपरा ठेवू नका, बुडाकडून अंगाकडे जाणारं वळण सलग असू दे. टेननचा व्यास थोडा मोठा ठेवा, तोही लंबगोल होतो आणि नंतर सुधारून घ्यावा लागतो. कातून झाल्याबरोबर, चहाला जायच्या आधी, बाहेरून उभ्या तंतूंच्या जागांना मेण लावा.

आता मुख्य मुद्दा. हा कळायला मला चार वर्षं लागली.

मी प्रत्येक वाडग्याचं वजन करतो. किराणा दुकानातला असतो तसा साधा डिजिटल काटा पुरतो. वाडग्यावरच पेन्सिलनं तारीख आणि वजन लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं असं सगळे सांगतात, मीही तसंच धरायचो. एका फणसाच्या दहा इंची वाडग्यावरचे आकडे हे: १६ जून १५४० ग्रॅम, ३० जून १३४०, १५ जुलै १२१०, १५ ऑगस्ट १०९०, ३१ ऑगस्ट १०८२, १५ सप्टेंबर १०७८. एका महिन्यात फक्त बारा ग्रॅम. मी म्हटलं वाळला.

तो वाळला नव्हता. हवेत तेव्हा जेवढा दमटपणा होता, त्याच्याशी त्याचं जमलं होतं, एवढंच. हवेची आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकूड कितीही दिवस ठेवलं तरी साधारण १६ टक्के ओलाव्याच्या खाली जात नाही. तीच आर्द्रता ४० टक्क्यांवर उतरली की लाकूड साडेसात टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, मीठ पाणी सोडतं. त्या हवेत ठरलेलं वजन हे पावसाळ्याचं वजन.

खात्री करायची असेल तर कच्चं कातताना त्याच लाकडाचा एक तुकडा काढून ठेवा. तो ओव्हनमध्ये १०३ अंशांवर, वजन उतरायचं पूर्ण थांबेपर्यंत वाळवा. माझा १०० ग्रॅमचा तुकडा ६० ग्रॅमवर थांबला. म्हणजे १५४० ग्रॅमच्या वाडग्यात निखळ लाकूड ९२४ ग्रॅम. सप्टेंबरातले १०७८ म्हणजे त्या निखळ लाकडाच्या मानानं अजून पावणेसतरा टक्के ओलावा. हाच वाडगा जानेवारीत १०१० वर आला, म्हणजे सव्वानऊ टक्के. मधले जे ६८ ग्रॅम पाणी गेलं, त्यातलं बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरातच गेलं. चार वर्षं माझे वाडगे तडकले ते याच ६८ ग्रॅमपायी. आणि ज्यांचं ऑगस्टमध्ये पक्कं कातून पॉलिश केलं, त्या डब्यांची झाकणं फेब्रुवारीत अडकून बसायची, ती याचसाठी.

इलाज उलटा आहे. आपल्याला वाटतं पावसात झाकावं आणि ऊन पडलं की उघडं ठेवावं. करायचं नेमकं विरुद्ध. पावसाळ्यात कच्चे वाडगे घोडीवर सुटे, उपडे, एकमेकांपासून चार बोटं अंतरानं उघडे ठेवा. खोलीत हवा खेळू दे, पंखा लावला तरी भिंतीकडे तोंड करून. बुरशीचा पांढरा थर दिसला तर कोरड्या ब्रशनं झाडा. कातणाच्या भुशात पुरून ठेवायची पद्धत कोरड्या मुलखात चालते, इथे जूनमध्ये तो भुसा दोन दिवसांत तापतो आणि कुबट वास मारतो.

आणि सप्टेंबर संपत आला, आकाश निवळायला लागलं, की सगळे वाडगे वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळा, खोक्यात भरा, खोकी शेडमधल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. मी नवरात्राची घटस्थापना ही खूण धरतो, त्या दिवशी सकाळी हे काम करून टाकतो. दिवाळीपर्यंत खोकी उघडायची नाहीत. नंतर दर आठवड्याला वजन, आणि महिनाभर आकडा हलला नाही की पक्कं कातायला घ्यायचं. माझ्याकडे ते बहुधा जानेवारीत येतं. हे सुरू केल्यापासून ऑक्टोबरात एखाददुसरा वाडगा जातो, आणि तो बहुतेक वेळा माझ्याकडूनच बूड जाड राहिलेला असतो.

लाकूड लाकडात फरक

फणस सगळ्यात सोशीक. पिवळा रंग उजेडानं वर्षभरात तांबूस-तपकिरी होतो, त्याला इलाज शोधू नका, छानच दिसतो.

आंब्याचा त्रास तड्यांपेक्षा किडीचा. पांढऱ्या लाकडातल्या पिठूळ अंशावर भुंगेरा येतो. फळीवर मैद्यासारखी बारीक पूड दिसली आणि वाडग्याला टाचणीएवढी भोकं दिसली की तो वाडगा बाकीच्यांपासून ताबडतोब लांब करा. शोभेच्या वस्तूंचं लाकूड मी ओलं असतानाच टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात बुडवतो. दहा लिटर कोमट पाण्याला टाकणखार ३०० ग्रॅम आणि बोरिक २०० ग्रॅम, बुडवून काढल्यावर काही दिवस झाकून ठेवायचं म्हणजे ते आत मुरतं. खाण्याच्या भांड्यांना हे अजिबात नाही. त्यासाठी आंबा लवकर कातून लवकर वाळवणं, एवढंच.

बाभूळ घट्ट आणि हट्टी. गावाकडे गाडीच्या चाकांसाठी बाभळीचे ओंडके विहिरीत नाहीतर ओढ्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवायची रीत होती, त्यात मोठं शहाणपण आहे. पाण्याखाली लाकूड वाळत नाही म्हणून तडकत नाही, आणि किड्याचं खाद्य पाण्यात उतरून जातं. तुमच्याकडे विहीर किंवा टाकी असेल तर बाभळीची अर्धुकं दोन-तीन महिने पूर्ण बुडवून ठेवा. अर्धं वर अर्धं खाली नको, पाण्याच्या रेषेवरच लाकूड कुजतं.

चिक्कू आणि पेरू लहान, जड आणि फार तडकणारे. यांचे कच्चे पेले-वाडगे मी उकळतो. भंगारातून आणलेल्या जुन्या पितळी हंड्यात, जाडीच्या दर इंचाला तासभर, आणि मग त्याच पाण्यात थंड होऊ द्यायचे. पाणी कोऱ्या चहासारखं लालभडक होतं. उकळल्यावर हे लाकूड वाकडं होतं, पण फुटायचं बरंच थांबतं.

तडा गेलाच तर

चीर केसाएवढी आणि काठापुरती असेल तर पातळ सुपर ग्लू सोडा, त्यावर त्याच लाकडाची पूड दाबा, वाळल्यावर कमी वेगात काता. चीर टेननपर्यंत पोचली असेल तर तो वाडगा लेथवर चढवू नका. मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वेगात दीड किलोचं लाकूड दुभंगलं तर चेहऱ्यावरची काच तेवढी पुरत नाही. मी त्या फणसाच्या वाडग्याची चीर पितळी तारेनं टाके घालून बांधली, लेथवर न घेता हातानंच घासला, आणि त्यात आता खडू ठेवतो. काकूंना पुढच्या जानेवारीत त्याच झाडाच्या दुसऱ्या अर्धुकाचा वाडगा नेऊन दिला. त्यात त्या देवघरात फुलं ठेवतात, परवाच्या ऑक्टोबरात जाऊन बघून आलो, काठ शाबूत आहे.